मन बसते म्हणजे नेमके काय होते?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला कधी गेलात तर तिथली जुनी मंडळी तुम्हांला एका मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगतील. वधू कोकणातली, साक्षात योगेश्वरी देवी. वर परळीचा वैजनाथ. वऱ्हाड थेट कोकणातून निघाले, घाट चढून, बालाघाटचे डोंगर ओलांडून अंबाजोगाईपर्यंत आले. परळी आता पंधरा-सोळा मैलच काय ती उरली होती. पण मुहूर्त पहाटेच्या आतला, आणि वऱ्हाडाला वेळेचे भान नाही! कोंबडा आरवला, मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले. तिथल्या हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असे लोक सांगतात. देवी जयंती नदीच्या काठी कुमारिका म्हणून राहिली ती कायमचीच. आणि गंमत पाहा, ही कुमारिका कोकणस्थांच्या कितीतरी कुळांची कुलदेवी. त्यामुळे लग्न झाले, सत्यनारायण आटोपला, की नवी जोडपी पुण्यामुंबईहून जोडीने दर्शनाला येतात ती हिच्याच दाराशी.

या गोष्टीत मुहूर्त आहे, वऱ्हाड आहे, कोप आहे. नाही ती एकच गोष्ट. त्या दोघांचे एकमेकांवर मन बसले होते की नाही, हे कथा सांगणाऱ्याने विचारलेले नाही आणि ऐकणाऱ्यानेही कधी विचारलेले नाही. लग्न म्हटले की पत्रिका, गोत्र, देणेघेणे, मुहूर्त यांची चौकशी करायची. मन ही वस्तू सोबत आपोआप येते अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. घरात उपवर मुलगा किंवा मुलगी असली आणि आलेले प्रत्येक स्थळ "तसे चांगले आहे, पण मनात भरत नाही" म्हणून परत जाऊ लागले, म्हणजे मग या समजुतीला पहिला तडा जातो. आईवडील म्हणतात, "अरे, मनात भरत नाही म्हणजे काय? नक्की काय कमी आहे ते तरी सांग!" मुलाला सांगता येत नाही. त्याला ते खरोखरच ठाऊक नसते.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. कवींच्या मानाने हा फारच उशीर. पण शास्त्रज्ञांना मोजल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मन मोजायचे कसे हा पेच होता. मग त्यांनी जे मोजता येते तेथून सुरुवात केली. १९०३ साली इंग्लंडात कार्ल पिअर्सन आणि ॲलिस ली यांनी हजारएक कुटुंबांतल्या नवराबायकोंची उंची, हातांचा पल्ला वगैरे मापे घेतली. उंच पुरुषाला बायकोही साधारणपणे उंच आणि ठेंगण्याला ठेंगणी, असा कल त्यांना दिसला. संबंध फार घट्ट नव्हता, पण योगायोग म्हणून सोडून देण्याइतका सैलही नव्हता. विजोड जोडपे आपल्या डोळ्यांत भरते ते यामुळेच. बाकीची शेकडो जोडपी जोडीला जोड असतात म्हणून ती लक्षात राहत नाहीत.

पुढे १९३२ साली अमेरिकेत बोसार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एक साधे काम केले. फिलाडेल्फिया शहरातले लग्नाचे ५,००० परवाने काढून वधूवरांचे पत्ते ताडून पाहिले. दर तीन जोडप्यांपैकी एक जोडपे लग्नाआधी एकमेकांपासून पाच गल्ल्यांच्या आत राहत होते! अंतर जसे वाढत जाई तशी लग्ने घटत जात. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे आईबाप स्थळे शोधत नव्हते आणि ज्याला जो हवा तो निवडायची मुभा होती, तिथे प्रेमाचा बाण फार लांब गेलाच नाही.

असे का व्हावे? एक उत्तर उघड आहे: जो दिसतच नाही त्याच्यावर मन बसणार कसे? पण त्याच्या पुढची गोष्ट १९६८ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवली. त्याने लोकांना चिनी लिपीसारखी दिसणारी अक्षरे, निरर्थक शब्द आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. काही एकदाच, काही पुनःपुन्हा. जी पुष्कळदा नजरेखालून गेली होती ती लोकांना अधिक आवडली. त्या अक्षरांचा अर्थ कोणाला कळत नव्हता, त्या चेहऱ्यांशी कोणी एक शब्द बोलले नव्हते. नुसती ओळख, नुसते दिसणे, एवढ्यानेच मन मऊ होते. समोरच्या बिऱ्हाडातली, रोज त्याच गाडीने जाणारी, शेजारच्या बाकावरची व्यक्ती हळूहळू बरी का वाटू लागते याचे हे कारण. (सुरुवातीलाच जी नकोशी वाटते ती मात्र रोज पाहून अधिकच नकोशी होते, हेही पुढच्या प्रयोगांत आढळले. चाळीत राहिलेल्यांना ते प्रयोगाविनाही ठाऊक आहे.)

आता इथे आपल्या महाराष्ट्राची एक खास गोष्ट येते, आणि ती मला या साऱ्या विषयात सर्वांत मनोरंजक वाटते. ती म्हणजे मामाची मुलगी.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून आणि गावोगाव हिंडून त्यांनी दाखवून दिले की, उत्तरेत नात्यात लग्न म्हणजे अब्रह्मण्यम्. तिथे मुलगी दूरच्या, अनोळखी गावी द्यायची. दक्षिणेत उलट, नात्यातच लग्न करायचे. काही समाजांत तर मामा-भाचीचेही लग्न लागते. आणि महाराष्ट्र बसला आहे मध्ये, दोन्ही चालींच्या उंबरठ्यावर. आपल्याकडे पुष्कळ समाजांत मामाची मुलगी करणे चालते, नव्हे, तो भाच्याचा हक्कच समजतात. पण आत्याची मुलगी करून घेणे हे उलटे नाते तितकेसे पसंत नाही. मराठवाड्यात तर "मामाची पोरगी" हे शब्द उच्चारले की पोरे आजही एकमेकांना कोपर मारतात.

या चालीकडे शास्त्राच्या चष्म्यातून पाहा. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या विद्वानाने १८९१ साली असे मत मांडले होते की, अगदी लहानपणापासून एका घरात वाढलेल्या मुलामुलींना मोठेपणी एकमेकांविषयी ती ओढ वाटत नाही. त्या वेळी लोक त्याला हसले. पण पुढे इस्राएलमधल्या सामुदायिक वसाहतींत पुरावा मिळाला. तिथे मुले आईबापांपाशी न राहता एकत्र बालगृहांत वाढत. कोणी त्यांना एकमेकांशी लग्न करू नका म्हणून सांगितले नव्हते; आईबापांना तर तसे झालेले आवडलेच असते. तरी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २,७६९ लग्नांमध्ये पहिली सहा वर्षे सलग एकाच गटात वाढलेल्या मुलामुलींचे लग्न एकही सापडले नाही. म्हणजे ओळख हवी, पण बाळपणी एका ताटात जेवण्याइतकी नको.

मामाची मुलगी नेमकी या मधल्या जागेत बसते. ती आपल्या घरात वाढत नाही. दुसऱ्या गावी वाढते. ती दिसते उन्हाळ्याच्या सुटीत, लग्नकार्यात, दिवाळीला. दर वर्षी थोडी उंच झालेली, थोडी बदललेली. झायन्सला हवी तेवढी ओळख आहे आणि वेस्टरमार्कला हवा तेवढा दुरावाही आहे. आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळा काढली नव्हती, पण आजोळची सुटी ही एक प्रयोगशाळाच म्हणायची. मात्र याची दुसरी बाजू डॉक्टर सांगतात ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सख्ख्या मामेआतेभावंडांच्या रक्तात आठवा हिस्सा समान असतो, आणि त्यामुळे अशा जोडप्याच्या मुलांना जन्मजात दोष असण्याचा धोका इतरांपेक्षा शेकडा दोन-तीनने अधिक धरतात. एका पिढीत तो थोडका वाटतो. पिढ्यान् पिढ्या त्याच दोन घरांत लग्ने होत गेली की तो साचत जातो.

बरे, ओळख झाली, दिसणे झाले. मग रूपाचे काय? इथे शास्त्र जरा कडू बोलते. १९६६ साली मिनेसोटा विद्यापीठात नव्याने आलेल्या ७५२ विद्यार्थ्यांसाठी एक नृत्याचा कार्यक्रम ठेवला. सर्वांकडून स्वभाव, आवडीनिवडी, बुद्धी यांची लांबलचक प्रश्नपत्रिका भरून घेतली आणि सांगितले की, संगणक प्रत्येकाला अनुरूप जोडीदार काढून देईल. प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जोड्या लावल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर विचारले, "पुन्हा भेटायला आवडेल?" स्वभाव जुळला होता की नाही, कोण किती हुशार, यावर उत्तर अवलंबून नव्हते. ते अवलंबून होते समोरचा माणूस दिसायला किती चांगला यावर. मुलांच्या बाबतीत, आणि मुलींच्या बाबतीतही. म्हणजे "आमची मुलगी रूप बघत नाही" हे वाक्य पहिल्या भेटीपुरते तरी जपून बोलावे.

पण पहिल्या भेटीपुरतेच. आपल्या कांदेपोह्यांच्या पद्धतीत सारा डाव त्या एका भेटीवर लागतो हीच तिची मोठी खोट आहे. चांगले रूप पहिल्या दहा मिनिटांत सगळी जागा अडवून बसते. स्वभावाला आत यायला वेळ लागतो.

आणि जी यादी आपण करतो, उंची अमुक, पगार अमुक, रंग अमुक, शिक्षण अमुक, तिचे काय होते? २००८ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी तरुण-तरुणींना आधी विचारून ठेवले की, तुम्हांला जोडीदारात काय हवे. मुले म्हणाली, रूप. मुली म्हणाल्या, कमावता हवा. ठरलेलीच उत्तरे! मग त्यांना ओळीने चार-चार मिनिटे पुष्कळ जणांशी बोलू दिले. प्रत्यक्षात कोणाला कोण आवडले ते पाहिल्यावर मुलगे आणि मुली यांच्यातला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला, आणि कागदावर लिहिलेल्या अपेक्षांचा आवडलेल्या माणसाशी मेळच बसेना. विवाहमंडळाचा तक्ता भरताना आपण जे लिहितो ते आपल्या मनाचे वर्णन नसते. ते आपल्या समाजाचे वर्णन असते.

ही गोष्ट आपल्या देशातही तपासली गेली आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी सहकाऱ्यांसह कलकत्त्याच्या बंगाली वृत्तपत्रातल्या विवाहविषयक जाहिराती तपासल्या. जाहिरात देणारे जातीसाठी काय काय सोडायला तयार होते? पत्रांना दिलेल्या प्रतिसादावरून हिशेब निघाला तो असा की, पदव्युत्तर शिकलेले परजातीचे स्थळ आणि अशिक्षित पण आपल्या जातीचे स्थळ यांत तराजू जवळजवळ समतोल राही! त्याहून चमत्कारिक निष्कर्ष पुढे आहे. जातीची ही अट समजा कोणी जादूने काढून घेतली, तरी कोणाचे लग्न कोणत्या प्रकारच्या माणसाशी होईल यात फारसा फरक पडला नसता, कारण शिकलेले, कमावते, देखणे असे सर्व तऱ्हेचे लोक प्रत्येक जातीत असतातच. अट फार मोठी, आणि तिने साधते फार थोडे. २०११-१२ च्या एका अखिल भारतीय पाहणीत आंतरजातीय लग्ने शेकडा पाचच्या आसपास निघाली, ती या अटीमुळे.

छाती धडधडते आणि प्रेम जडते, की प्रेम जडते म्हणून छाती धडधडते? १९७४ साली कॅनडात डटन आणि ॲरन या दोघांनी यावर एक खट्याळ प्रयोग केला. कॅपिलानो नदीवर २३० फूट उंचीवरून जाणारा, वाऱ्याने झुलणारा एक दोरांचा पूल आहे. तो ओलांडणाऱ्या तरुणांना वाटेत एक तरुणी गाठी, काही प्रश्न विचारी आणि "आणखी माहिती हवी तर फोन करा" म्हणून आपला क्रमांक देई. पलीकडे एका बुटक्या, मजबूत पुलावरही तसेच केले. झुलत्या पुलावर क्रमांक घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. मजबूत पुलावरच्या १६ पैकी दोघांनीच. भीतीने वाढलेले ठोके त्या बिचाऱ्यांनी मुलीच्या खात्यावर मांडले! जत्रेतल्या उंच पाळण्यात शेजारी बसलेल्यांची लग्ने का जमतात, हे परळीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत जाऊन कोणी मोजले नाही. मोजायला हरकत नाही.

वासाचेही तसेच. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये पुरुषांना दोन रात्री घातलेले सदरे आणायला सांगून ते मुलींना हुंगायला दिले. ज्यांची रोगप्रतिकारशक्तीची आनुवंशिक घडण आपल्याहून वेगळी आहे अशांचा वास मुलींना अधिक बरा वाटला. पुढचे सगळे प्रयोग याला दुजोरा देत नाहीत, तेव्हा स्थळ पाहायला जाताना कोणी यावर विसंबू नये.

आता एका मोठ्या वादाकडे येऊ. १९८९ साली डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३७ समाजांतल्या १०,०४७ स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत भारतही होता. सगळीकडे पुरुष रूपाला आणि तारुण्याला अधिक महत्त्व देत आणि स्त्रिया कमाईला. बस म्हणाला, हे लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने घडवलेले आहे. ही बातमी जगभर गाजली. त्याच पाहणीत स्त्रिया आणि पुरुष दोघांनीही परस्परांची ओढ, भरवशाचा स्वभाव आणि मनाची स्थिरता यांना कमाई व रूप यांच्याही वर ठेवले होते. पण ते कोणी मथळ्यात छापले नाही. दहा वर्षांनी, १९९९ साली ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी तेच आकडे पुन्हा मांडले. ज्या देशांत स्त्रियांना शिक्षण, नोकरी, अधिकार पुरुषांच्या बरोबरीने मिळतात तिथे "कमावता नवरा हवा" हा आग्रह सैल पडतो, असे त्यांत दिसले. म्हणजे नवऱ्याचा पगार विचारणारी मुलगी लोभी असते असे नाही. तिला स्वतःच्या पायावर उभे राहायला जागा नसते म्हणून ती दुसऱ्याचे पाय बघते. माझा कौल या दुसऱ्या बाजूला आहे, आणि तो पुस्तकांपेक्षा बीड जिल्ह्याकडे पाहून झालेला आहे.

आपल्या घरी चकलीचे सोरे निघतात त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ऊसतोडणीला माणसे निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. दसरा-दिवाळीच्या पुढे गेलेली ती परतायची मार्च-एप्रिलात. या धंद्यात माणसे मोजायचे माप आहे "कोयता". कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको पाने सवळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून नेते आणि गाडी भरते. मुकादम हंगामाच्या आधी जी रक्कम देतो तिला म्हणतात उचल, आणि ती जोडीला मिळते. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि उचल फिटली नाही तर उरलेले कर्ज पुढच्या हंगामाच्या डोक्यावर.

आता समजा, धारूरकडच्या एखाद्या घरात विशीतला मुलगा आहे आणि डोक्यावर कर्ज आहे. त्याचे लग्न झाले की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो, उचल वाढते. समजा, शेजारच्या वाडीत पंधरा वर्षांची मुलगी आहे. आईबाप सहा महिने परगावी जाणार. तिला मागे कोणाजवळ ठेवायची ही चिंता, आणि बरोबर न्यावी तर उसाच्या फडात पालाच्या झोपडीत राहायचे, ही त्याहून मोठी चिंता. दोन्ही घरांचा हिशेब एका रात्रीत जुळतो. त्या मुलाचे त्या मुलीवर मन बसले का, तिने त्याला कधी पाहिले होते का, हे प्रश्न तिथे कोण विचारणार? मुलीला जोखायचे ते मोळी उचलते का एवढ्यावर. कायद्याने मुलीचे वय १८ हवे, मुलाचे २१. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशी ते चोविशीच्या शंभर स्त्रियांपैकी ४३ हून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

याच जिल्ह्यात आणखी एक आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर १,००० मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. महाराष्ट्रात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली त्या ८९४ होत्या. गर्भलिंगतपासणीला बंदी करणारा कायदा १९९४ पासून होता. तरी दहा वर्षांत एवढ्या मुली जन्माआधीच पुसल्या गेल्या. २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचे नाव होते, ते अर्थात शाबासकीसाठी नव्हे. त्या जनगणनेत जी मुले अंगणवाडीत होती ती आता लग्नाच्या वयाला आली आहेत.

मुली कमी झाल्या म्हणजे त्यांचा भाव वाढेल, त्या निवडून निवडून नवरा करतील, असे आपल्याला वाटते. काही अंशी तसे झालेही आहे. शेतकरी मुलाला मुलगी मिळेना ही तक्रार आता गावोगाव ऐकू येते; डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोकांना हसू आले, पण त्या मोर्च्यात हसण्यासारखे फार थोडे होते.

मात्र १९८३ साली गटेनटॅग आणि सिकॉर्ड या दोन संशोधकांनी या प्रश्नाचा जो विचार मांडला तो अधिक खोल आहे. त्यांचे म्हणणे असे: मुली थोड्या असल्या की त्यांची किंमत वाढते हे खरे, पण जमीन, पैसा, कायदा ही सत्ता पुरुषांच्याच हाती असेल, तर वाढलेली किंमत मुलीच्या हातात पडत नाही, ती तिच्या पालकांच्या आणि सासरच्या हातात पडते. मौल्यवान वस्तू जशी कडीकुलपात ठेवतात तशी मग मुलीला ठेवतात. तिच्यावर पहारा वाढतो, तिचे लग्न लवकर उरकतात, तिचे घराबाहेर पडणे कमी होते. बीडचे ८०७ आणि बीडचे ४३ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. हा सिद्धान्त परदेशात बसून लिहिला आहे असे वाटत नाही.

"पण ठरवून केलेल्या लग्नांतही प्रेम येतेच की!" असे कोणी आजी म्हणतील. बरोबर आहे, आणि आजींच्या बाजूने पुरावाही आहे. १९८२ साली जयपूरला उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी पन्नास जोडप्यांची पाहणी केली. प्रेमविवाह केलेल्यांचे प्रेम आरंभी वरचढ होते, पण पाचएक वर्षांनी ते उतरणीला लागले. ठरवून लग्न केलेल्यांचे हळूहळू वाढत जाऊन त्यांच्या पुढे गेले. ही पाहणी तेव्हापासून वारंवार पुढे केली जाते. जोडपी मात्र पन्नासच होती. आणि २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांची तशीच पाहणी केली तेव्हा दोन्ही प्रकारांत काही फरक आढळला नाही. शिवाय जयपूरच्या आणि अमेरिकेतल्या त्या जोडप्यांना नकार द्यायची सोय बहुधा होती. पंधराव्या वर्षी उचलीच्या हिशेबात बसवलेल्या मुलीला ती नसते. ठरवून केलेले लग्न आणि लादलेले लग्न यांना एका ओळीत बसवून आजींचा दाखला देणे हा आजींवरही अन्याय आहे.

शहरातल्या आपल्या घरांना या साऱ्यातून उचलण्यासारखे काय असेल तर एक प्रयोग आहे. झुलत्या पुलावरचे जे आर्थर ॲरन, त्यांनीच १९९७ साली तो प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवायचे आणि ३६ प्रश्न द्यायचे. आळीपाळीने दोघांनीही प्रत्येकाचे उत्तर द्यायचे. प्रश्न साधे सुरू होतात आणि हळूहळू आतले होत जातात: आपली भीती, आपले घर, आपल्या चुका. पाऊण तासात या अनोळखी माणसांना एकमेकांविषयी जी जवळीक वाटू लागली ती नुसत्या गप्पा मारणाऱ्यांना वाटली नाही. पाऊण तास! बैठकीच्या खोलीत मावशी, काका आणि मध्यस्थ यांच्या देखत "स्वयंपाक येतो का" आणि "पॅकेज किती" या दोन प्रश्नांत आपण तेवढा वेळ सहज घालवतो. मुलामुलींना तीन-चार वेळा, निवांत, दाराबाहेर कोणी घुटमळत नसताना बोलू दिले, तर "मनात भरत नाही" याचा अर्थ त्यांना स्वतःला तरी सापडेल.

बीडच्या मुलीला मात्र आधी वेळच हवा आहे, आणि तो पाऊण तासाचा नव्हे, दोन-तीन वर्षांचा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तिथे हंगामी वसतिगृहे चालत आली आहेत. आईबाप फडावर गेले की मुले गावातच राहून शाळेत जातात. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींच्या वसतिगृहांची योजना मंजूर केली. ऊसतोड कामगारांच्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, निम्मी मुलींची. कागदावरून इमारतीपर्यंतची वाट सरकारी योजनांची असते तशीच, लांबची. पण जिथे खाट आणि जेवण मिळाले तिथे आईबापांची "पोरीला कोणाजवळ ठेवू" ही एक चिंता सुटते आणि घाईच्या लग्नाचे एक कारण गळून पडते. मुलगी दहावी होते, मग बारावी. एसटीने अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या कॉलेजात जाऊ लागते. फिलाडेल्फियाच्या पाच गल्ल्यांसारखे तिच्याही ओळखीचे एक वर्तुळ असतेच; ते वाडीपुरते होते, आता त्यात एक वर्ग, एक ग्रंथालय आणि एसटीतली पन्नास माणसे येतात. त्यांतल्या कोणावर तिचे मन बसेल, की आईबापांनी आणलेल्या मुलावर, की पुष्कळ दिवस कोणावरच नाही, हे सांगता येत नाही. ती तेव्हा अठरा वर्षांची झालेली असते.